म्हाळसा : पाळण्यात न दिसणारं नाव

बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजाला लोक जातात ते जिजाऊंसाठी. लखुजी जाधवांच्या या लेकीच्या आईचं नाव म्हाळसाबाई. आज बारशाला हे नाव कोण सुचवतं?

ते आलं खंडोबाच्या थोरल्या राणीवरून. लोककथेत म्हाळसा ही नेवाशाच्या तिम्माशेठ वाण्याची लेक, पार्वतीचा अवतार. लग्न पालीला, पौष पौर्णिमेला. गंमत अशी, की गोव्यात म्हार्दोळची म्हाळसा विष्णूचं मोहिनीरूप मानली जाते. नाव एकच, इकडे शैव, तिकडे वैष्णव!

२०१४ साली सुरू झालेल्या ‘जय मल्हार’ मालिकेनं म्हाळसा घराघरांत पोचवली. पाळण्यापर्यंत मात्र ती फारशी गेली नाही. सुरुवातीचा ‘म्हा’च आजच्या आईबापांना जड वाटत असावा.