आज्ञा कोणती, माहिती कोणती?

खातेवहीचे एखादे पान रकान्यांच्या मथळ्यांविना हाती आले, तर त्यावरील १५०६ हा आकडा खाते क्रमांक, धनादेश क्रमांक की रक्कम, हे नुसते पाहून सांगता येत नाही. बुलडाणा जिल्ह्यात बँकेत कारकुनी करताना हे मला नेहमी जाणवते. यंत्रातील चिपचेही तसेच आहे.

मोटार, वीजमीटर, वजनकाटा यांच्या चिपमध्ये निव्वळ आकडे साठवलेले असतात. त्यांपैकी काही आज्ञा, तर काही माहिती. इंटेलने १९८० साली आणलेल्या ८०५१ या चिपमध्ये षोडशमान पद्धतीतील ४१ हा आकडा आज्ञा म्हणून वाचला, तर 'अमुक ठिकाणी उडी मार' असा होतो. अक्षर म्हणून वाचला, तर इंग्रजी 'ए'. आकड्यांचा उलगडा करणारा डिसअसेंबलर सरळ ओळीने वाचत गेला, तर माहितीलाही आज्ञा समजतो. शिवाय आज्ञांची लांबी कमी-जास्त असते, त्यामुळे एक चूक झाली की पुढचेही काही काळ चुकत जाते.

म्हणून जाणकार, चिप सुरू होताच पहिली आज्ञा जेथून घेते तेथून आरंभ करतात आणि उडी नेईल तिकडेच जातात. या वाटेवर भेटते ती आज्ञा. आज्ञा जेथून आकडे उचलून आणते, ती माहिती. मात्र उडीचा पत्ता चालू असतानाच ठरत असेल, तर वाट तुटते. तेथे माणसाचाच विचार लागतो.

हा फरक किती महत्त्वाचा, हे फोक्सवॅगन प्रकरणात दिसले. फेलिक्स डोम्के यांनी या कंपनीच्या डिझेल गाडीच्या चिपमधील आज्ञा उलगडून डिसेंबर २०१५ मध्ये हॅम्बुर्ग येथे मांडल्या. आज्ञा दिसायला साध्या होत्या : गेलेला वेळ व कापलेले अंतर साठवलेल्या वक्ररेषांशी ताडून पाहणे. खरी मेख त्या वक्ररेषांच्या आकड्यांत होती. त्या प्रयोगशाळेतील चाचणीशी जुळणाऱ्या होत्या. गाडी त्या मर्यादेबाहेर गेली की धूर-नियंत्रण ढिले पडे. त्याच महिन्यात, पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनच्या चाचण्यांनंतर, कंपनीने भारतातील सुमारे ३ लाख २३ हजार ७०० गाड्या परत बोलावण्याचे जाहीर केले.

आज्ञा तेवढ्या वाचून आकडे सोडले असते, तर लबाडी निसटली असती. आकड्यांना आज्ञा समजले असते, तर निरपराध यंत्रावरही आळ आला असता. आपल्या मुलामुलींनी हे शास्त्र जरूर शिकावे. परंतु निष्कर्ष काढण्यापूर्वी, हा आकडा कोणत्या रकान्यातला, एवढे आधी विचारावे.