सीटी स्कॅनला जाताय? रोजा, शुगर आणि किडनीबद्दल आधी सांगा

डॉक्टरांनी "सीटी स्कॅन करून आणा" म्हटलं की घरात आधी पैशांची चिंता सुरू होते, मग भीतीची. या गडबडीत डॉक्टरांना जे सांगायलाच हवं, ते राहून जातं.

सीटी हाही एक्स-रेच आहे. गोल कड्यासारख्या यंत्रात तो शरीराभोवती फिरतो आणि आतले काप दाखवतो. दुखत नाही, स्कॅन काही मिनिटांत होतो.

इंजेक्शन असेल तर

काही स्कॅनमध्ये शिरेतून आयोडीनचं औषध देतात. त्याला कॉन्ट्रास्ट किंवा डाय म्हणतात. अंगात एकदम गरम वाटतं, लघवी झाल्यासारखं वाटतं. घाबरू नका, मिनिटभरात जातं. पण घसा आवळला, अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास लागला तर लगेच सांगा.

हे औषध किडनीतून बाहेर पडतं. म्हणून शुगर, बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोबत न्या. मेटफॉर्मिनची गोळी चालू असेल तर तेही सांगा. किडनी कमजोर असल्यास ती ४८ तास थांबवायला सांगतात. स्वतःच्या मनाने बंद करू नका.

पूर्वी डायची रिअ‍ॅक्शन आली असेल किंवा दमा असेल तर लपवू नका. कोळंबी-खेकड्याची अ‍ॅलर्जी असली की डाय चालतच नाही, हा मात्र गैरसमज आहे.

रोजा असेल तर

डाय नसलेल्या साध्या स्कॅनने रोज्याला काही होत नाही. शिरेतल्या इंजेक्शनने रोजा तुटत नाही, असं आपल्याकडचे बरेच उलमा सांगतात. पोटाच्या स्कॅनसाठी प्यायला दिलेल्या औषधाने मात्र तुटतो. शंका असेल तर आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारा. पण डायनंतर भरपूर पाणी प्यावं लागतं, हे लक्षात ठेवा. सूरह बकरामध्ये आजारी माणसाला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत दिली आहे. तातडी नसेल तर डॉक्टरांना विचारून तारीख पुढे घेता येते.

बायकांसाठी

गरोदर असाल, किंवा पाळी चुकली असेल, तर आधीच सांगा. स्कॅनच्या भागातले दागिने, हिजाबच्या पिना, धातूचा ताविज काढावा लागतो. महिला कर्मचारी हवी असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच विचारा.

रेडिएशन किती?

छातीच्या एका एक्स-रेत साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट, छातीच्या सीटीत सुमारे ७. निसर्गातून आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिळतंच. म्हणून गरज असेल तर घाबरून टाळू नये, आणि "एकदा सगळं बघून घेऊ" म्हणून हौसेने करूही नये. जुन्या फिल्म, सीडी जपून ठेवा, तोच स्कॅन पुन्हा करावा लागत नाही. सीटी यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. या मंडळाचं मुख्यालय आपल्याच अणुशक्तीनगरात आहे. सेंटरला परवान्याबद्दल विचारायला संकोच नको.

खर्चासाठी घाटकोपरचं राजावाडी, जुहूचं कूपर अशा पालिका रुग्णालयांत आधी चौकशी करा.

इथे मात्र थांबू नका

तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर डोक्याचा सीटी ताबडतोब लागतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि सीटी पाहिल्याशिवाय देत नाहीत. इफ्तारची, सकाळची किंवा मोठ्या मुलाच्या येण्याची वाट पाहू नका. रिक्षा मिळाली तर रिक्षाने, पण मोठ्या रुग्णालयात पोहोचा.

अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो. आमीन.