सोळा ठिपके, नवी मांडणी

रेडिओ लहर पाठवणाऱ्याच्या हातात मुळात दोनच गोष्टी असतात: लहर किती जोरकस ठेवायची, आणि तिचे चढउतार वेळेच्या हिशेबात किती पुढेमागे सरकवायचे. या दुसऱ्या गोष्टीला इंजिनिअर ‘फेज’ म्हणतात. जोर म्हणजे मध्यापासूनचं अंतर आणि फेज म्हणजे कोन असं धरलं, की लहरीची प्रत्येक अवस्था कागदावर एका ठिपक्याने दाखवता येते. पाठवणारा आणि घेणारा या दोघांनी असे सोळा ठिपके आधी ठरवून घेतले, तर एका ठिपक्यात चार बिट जातात. मोबाइलवरचा फोटो, आवाज, पैसे जमा झाल्याचा निरोप, सगळं हवेतून जातं ते अशा ठिपक्यांच्या रूपात, सेकंदाला लाखोंनी.

पाठवलेला ठिपका होता तिथेच पोचत नाही. रिसीव्हरमधल्या इलेक्ट्रॉनांच्या उष्ण धावपळीतूनही गोंगाट तयार होतो आणि तो ठिपक्याला थोडा ढकलतो. मग रिसीव्हर जवळात जवळचा ठरलेला ठिपका कोणता ते बघतो आणि तोच पाठवला असावा असं मानतो. ठिपके एकमेकांपासून लांब असले तर चूक कमी होते, पण लांब मांडायचे तर लहर जोरकस हवी आणि बॅटरी जास्त जाते. ठरावीक ऊर्जेत सोळा ठिपके कसे मांडावेत? आपल्या फोनमधलं उत्तर दारातल्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखं आहे: चार ओळी, प्रत्येकीत चार ठिपके, सगळी अंतरं सारखी.

२०१७ साली टिमथी ओ’शे आणि याकोब हॉयडिस या दोन संशोधकांनी हाच प्रश्न एका यंत्राला घातला, आणि त्याला काहीही शिकवलं नाही. गोंगाटातून जास्तीत जास्त किती माहिती बिनचूक जाऊ शकते ही मर्यादा सांगणारा क्लॉड शॅननचा १९४८ चा सिद्धान्त नाही, सत्तर वर्षांत जमलेलं मॉड्युलेशनचं, म्हणजे निरोप लहरीवर चढवण्याचं, शास्त्रही नाही. पाठवणाऱ्याच्या जागी एक न्यूरल नेटवर्क, घेणाऱ्याच्या जागी दुसरं, आणि मध्ये कृत्रिम गोंगाट. सुरुवातीला पहिलं नेटवर्क वाटेल तिथे ठिपके टाकतं आणि दुसरं वाटेल ते ओळखतं. प्रत्येक चुकीचा हिशेब शेवटाकडून सुरुवातीकडे फिरवला जातो आणि दोन्ही नेटवर्कांतले आकडे किंचित बदलतात. असं पुन्हा पुन्हा होत राहतं.

चार निरोप दिले, तर यंत्राने चौरसाचे चार कोपरे शोधले. इंजिनिअर हीच मांडणी क्यूपीएसके या नावाने कित्येक दशकं वापरत आले आहेत. यंत्राची मांडणी फक्त जरा तिरकी होती. सोळा निरोप दिले आणि प्रत्येक ठिपक्याला तेवढीच ऊर्जा, अशी अट घातली, तर ठिपके एका वर्तुळावर समान अंतरांवर बसले. अट सैल करून फक्त सरासरी ऊर्जा ठरवली, तेव्हा चार गुणिले चारची जाळी आलीच नाही. ठिपके आतबाहेर पसरले आणि पंचकोन-षटकोनांच्या घडणीत एकमेकांत बसले.

हे चित्र पहिल्यांदा पाहताना मी थबकलो, कारण ते चूक नाही. सपाट पृष्ठभागावर बिंदू परस्परांपासून शक्य तितके लांब ठेवून दाटीने बसवायचे, तर षटकोनी रचना चौरस रचनेपेक्षा सरस ठरते, हे भूमितीला ठाऊकच आहे. १९७४ साली फॉसिनी, गिटलिन आणि वाइनस्टाइन यांनी शोधलेल्या उत्तम मांडण्याही समभुज त्रिकोणांच्या जाळीकडेच, म्हणजे याच षटकोनी रचनेकडे, झुकल्या होत्या. तरीही व्यवहारात चौरस टिकला, कारण त्यात आडवी आणि उभी दिशा वेगवेगळी वाचता येते आणि रिसीव्हर सोपा होतो. यंत्राला सोपेपणाची फिकीर नव्हती, म्हणून ते भूमितीने सांगितलेल्या जागीच जाऊन थांबलं. त्याच प्रयोगात चार बिट सात खेपांत पाठवायला सांगितले, तेव्हा यंत्राने चुका दुरुस्त करणाऱ्या, रिचर्ड हॅमिंगच्या १९५० च्या प्रसिद्ध कोडशी बरोबरी केली. हॅमिंग कोण, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

पण खरी हवा नुसत्या गोंगाटाची नसते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ताशी १०० किलोमीटरने चाललेल्या गाडीतला फोन घ्या. ३.५ गिगाहर्ट्‌झच्या फाइव्ह-जी लहरीची लांबी साधारण साडेआठ सेंटिमीटर असते. टॉवरकडून थेट आलेली लहर, ट्रकवरून परतलेली, डोंगरावरून परतलेली, अशा सगळ्या फोनपाशी एकत्र होतात. कुठे एकमेकींना बळ देतात, कुठे एकमेकींना पुसून टाकतात. गाडी चार सेंटिमीटर पुढे गेली, की हा हिशेब पार बदललेला असू शकतो, आणि चार सेंटिमीटर जायला तिला दीड मिलिसेकंद लागतात! दर खेपेला ठिपक्यांचं अख्खं चित्र वेगळ्या कोनातून फिरून, लहानमोठं होऊन येतं. ते किती फिरलं हे कळावं म्हणून मध्ये मध्ये दोन्ही बाजूंना आधीच माहीत असलेले ठिपके पाठवतात. त्यांना ‘पायलट’ म्हणतात. ते जागा आणि ऊर्जा घेतात, पण निरोप काहीच नेत नाहीत.

इथे मला या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट सापडते. फैसल ऐत औदिया आणि हॉयडिस यांनी अशा बदलत्या हवेच्या सिम्युलेशनमध्ये ठिपके आणि न्यूरल रिसीव्हर एकत्र शिकवले, आणि पायलट काढूनच टाकले. चार गुणिले चारची जाळी पाव फेरा फिरवली, तर आधीसारखीच दिसते. म्हणून ती फिरली की नाही हे नुसतं पाहून कळत नाही. यंत्राने शिकलेली मांडणी मात्र अशी, की पाव फेरा दिला तर चित्र वेगळं दिसतं. आलेल्या ठिपक्यांचा पुंजका बघूनच रिसीव्हरला कळतं की हवेने चित्र किती फिरवलं. निरोप नेणारे ठिपकेच पायलटचं कामही करू लागले. सममितीची आवड असलेल्या आपल्यासारख्यांनी मुद्दाम वाकडी मांडणी सहसा निवडली नसती.

सिम्युलेशनमधून प्रत्यक्ष हवेत उतरताना एक अडचण येते. चुकीचा हिशेब मागे फिरवायचा तर मधली प्रत्येक पायरी गणितात मांडलेली हवी, आणि खऱ्या हवेचं नेमकं सूत्र कुणाकडेच नसतं. श्टुटगार्ट विद्यापीठातल्या गटाने आधी सगळं संगणकात शिकवलं, मग खऱ्या रेडिओंवर चढवलं आणि फक्त रिसीव्हरला प्रत्यक्ष हवेवर पुन्हा तयार केलं. दुसरी वाट अशी: पाठवणाऱ्याने ठिपका जरासा इकडेतिकडे हलवून बघायचा, पलीकडून निकाल कसा आला एवढंच विचारायचं, आणि बऱ्या निकालाच्या दिशेने सरकायचं. हवेचं सूत्र लागतच नाही.

या यंत्राच्या मर्यादाही मोठ्या आहेत. सोळा निरोप एकेक करून शिकवता येतात. शंभर बिटांचे संभाव्य निरोप २ चा १०० वा घात, म्हणजे १ वर सुमारे ३० शून्यं इतके होतात. ते सगळे कोणतंही यंत्र कधीच पाहणार नाही. म्हणून फाइव्ह-जीमधला डेटा आजही रॉबर्ट गॅलेगर यांनी १९६० च्या सुमारास शोधलेल्या, चुका दुरुस्त करणाऱ्या एलडीपीसी कोडांवर जातो, आणि ते योग्यच आहे. शॅननची मर्यादा तर कुणालाच ओलांडता येत नाही. शिवाय रिसीव्हरला उत्तर मिलिसेकंदाच्या आत लागतं, आणि फोनला बॅटरी जपायची असते.

तरी एक दार उघडलं आहे. आजच्या टॉवरवर ६४ अँटेना असू शकतात, आणि लहर नेमकी आपल्या फोनकडे वळवायची तर प्रत्येक अँटेनापासूनची वाट कशी आहे हे अनेकदा फोनने कळवावं लागतं. ही आकड्यांची भली मोठी जाळी असते. लहरी मोजक्या दिशांनी आणि मोजक्या विलंबांनीच येतात, त्यामुळे जाळी नीट मांडली तर ती एखाद्या चित्रासारखी दिसते: बहुतेक काळोख आणि थोडे उजळ डाग. २०१८ मध्ये चाओ-काय वेन, वान-टिंग शी आणि शी जिन यांनी चित्रांसाठी घडलेली न्यूरल नेटवर्कं तिच्यावर चालवली: फोनमधला भाग चित्र दाबून लहान करतो, टॉवरमधला ते पुन्हा उभं करतो. मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संस्थेने रिलीज १८ या आवृत्तीत हा उपयोग अभ्यासाला घेतला, आणि खरा पेच तिथे समोर आला. दोन भाग जोडीने शिकलेले असतात, पण फोन एका कंपनीचा आणि टॉवर दुसऱ्या कंपनीचा. एकीनेच दोन्ही भाग शिकवून अर्धा दुसरीला द्यायचा, दोघींनी मिळून शिकवायचं, की एकीने नुसते नमुने द्यायचे आणि दुसरीने त्यांवरून आपला भाग स्वतः घडवायचा, या तिन्ही वाटा तिथे तपासल्या गेल्या. मला तिसरी वाट पटते, कारण तिच्यात कुणालाच आपलं नेटवर्क उघडं करावं लागत नाही.