दूरसंचार कंपन्या, कायदा आणि ग्राहक

ग्रामपंचायतीच्या कार्यालयात आता मोबाईल सेवेविषयीची गाऱ्हाणीही येऊ लागली आहेत. न मागितलेल्या सेवेचे पैसे कापले गेले, बोलणे मध्येच तुटते, अशा तक्रारींचे अर्ज पुष्कळदा थेट दिल्लीला, दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे धाडले जातात. परंतु एकेका ग्राहकाच्या तक्रारीचा निवाडा करणे हे या प्राधिकरणाचे काम नव्हे. असा अर्ज फिरून कंपनीकडेच जातो आणि मधला वेळ वाया जातो. म्हणूनच या क्षेत्रात कोणाचे काम कोणते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

एका हाती सर्व सूत्रे

१८८५ च्या भारतीय तार अधिनियमाने तारयंत्रणा उभारण्याचा व चालविण्याचा अनन्य अधिकार केंद्र सरकारकडे ठेवला. इतरांना परवाना देण्याची तरतूदही त्यात होती. दूरध्वनी सेवा याच कायद्याखाली वाढली. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने खाजगी कंपन्यांचा मार्ग अधिक मोकळा केला व १९९५ मध्ये देशात मोबाईल सेवा सुरू झाली. त्याबरोबर एक पेच निर्माण झाला. दूरसंचार विभागच परवाने देई, नियम करी आणि दूरध्वनी सेवाही स्वतः चालवी. खेळाडूनेच पंच व्हावे, असा हा प्रकार होता.

कामांची विभागणी

हा पेच सोडविण्यासाठी १९९७ मध्ये कायद्याने भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण स्थापन झाले. दरांवर देखरेख ठेवणे, सेवेचा दर्जा ठरविणे व परवान्यांबाबत सरकारला शिफारशी करणे ही त्याची प्रमुख कामे होत. २००० साली कायद्यात दुरुस्ती होऊन तंटे सोडविण्याचे काम स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे सोपविण्यात आले. सरकार व कंपनी, कंपनी व कंपनी, तसेच कंपनी व ग्राहकांचा समूह यांच्यातील वाद तेथे चालतात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सरकारी दूरध्वनी सेवा भारत संचार निगमाकडे गेली. परवाने देण्याचा अधिकार मात्र सरकारकडेच राहिला.

हा अधिकारही निरंकुश नाही. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले होते. त्यांचे वाटप मनमानीने झाल्याचा निष्कर्ष काढून याच न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये १२२ परवाने रद्द ठरविले.

ग्राहकाने काय करावे?

ग्राहकाने प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्राकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. हा क्रमांक जपून ठेवणे महत्त्वाचे, कारण पुढील सर्व कारवाई त्यावर अवलंबून असते. तेथे समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे विनाशुल्क अपील करता येते. २०१२ च्या विनियमांनुसार अपिलाचा निर्णय ३९ दिवसांत व्हावयास हवा.

याखेरीज ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. २००९ च्या एका निकालामुळे त्याविषयी संभ्रम निर्माण झाला होता. परंतु दूरसंचार सेवेबाबतची तक्रार ग्राहक आयोग ऐकू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले.

नवा कायदा आणि पंचायत

जुन्या तार अधिनियमाची जागा घेण्यासाठी संसदेने दूरसंचार अधिनियम, २०२३ संमत केला. त्यातील अनेक कलमे जून व जुलै २०२४ मध्ये अंमलात आली. सार्वजनिक जागेतून तारा नेण्यास वा मनोरे उभारण्यास परवानगी देणाऱ्या संस्थांत स्थानिक संस्थांचाही समावेश या कायद्यात आहे. असे अर्ज विनाविलंब निकाली काढावेत, अशी त्यात अपेक्षा आहे.

पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी ही माहिती गावकऱ्यांपर्यंत पोहोचवावी. योग्य दारी नेलेली तक्रारच लवकर तडीस जाते. मग कापली गेलेली रक्कम थोडी का असेना, ती परत मिळविण्याचा हक्क केवळ कागदावर राहत नाही.