आज कुठे, किती वाजता?

शनिवारी सकाळी पेपर आला की आमच्या घरी नाटकांच्या जाहिरातींच्या पानावर पहिली झडप पडायची. शिवाजी मंदिर, दुपारी साडेतीन. दीनानाथ, रात्री साडेआठ. अग्रलेख नंतर, सावकाश. त्या पानाला कुणी कधी लेखन म्हटलं नाही, पण रविवार कसा जाणार हे तिथेच ठरायचं. लंडनमध्ये एका विशीतल्या पोराने नेमक्या अशाच मजकुराचं नियतकालिक काढलं आणि ते जवळपास ५४ वर्षं छापलं गेलं. त्याचं नाव ‘टाइम आउट’.

टोनी इलियट कील विद्यापीठात फ्रेंच शिकत होता. वाढदिवसाला मावशीने दिलेले ७० पौंड हे त्याचं भांडवल. कचेरी म्हणजे आईच्या स्वयंपाकघरातलं टेबल. ऑगस्ट १९६८ मध्ये निघालेला पहिला अंक खरं तर अंक नव्हताच. पोस्टरएवढा एक कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला आणि घड्या घालून खिशात मावेल असा केलेला. नाव घेतलं डेव्ह ब्रूबेकच्या जॅझ रेकॉर्डवरून.

त्या कागदावर सिनेमा, नाटकं, गाण्याचे कार्यक्रम होतेच. पण पुढे मोर्चे आणि सभांनाही स्वतंत्र सदर मिळालं. व्हिएतनाम युद्धाविरुद्धची निदर्शनं कुठून निघणार आणि मध्यरात्रीचा सिनेमा कुठे लागलाय, दोन्ही एकाच ठिकाणी, सारख्याच नेमकेपणाने. मोठे पेपर ज्यांना दारात उभं करत नव्हते, त्या तळघरातल्या नाटक मंडळींनाही इथे पत्ता आणि वेळ मिळाली. १९७१ पासून ‘टाइम आउट’ साप्ताहिक झालं.

यादी करणं हे कारकुनी काम वाटतं. पण एक फोन करायचा राहिला, एक वेळ चुकली, तर दहा माणसं बंद दारासमोर उभी राहतात. आणि यादी कुणाच्या मालकीची, यावर तर कोर्टकज्जेही होतात. ब्रिटनमध्ये तेव्हा बीबीसीचे आठवडाभराचे टीव्ही कार्यक्रम फक्त ‘रेडिओ टाइम्स’मध्ये आणि आयटीव्हीचे फक्त ‘टीव्ही टाइम्स’मध्ये मिळत. ‘टाइम आउट’ने दोन्ही एकत्र छापायचा प्रयत्न केला आणि खटला हरला. पुढे १९९० च्या कायद्याने ही मक्तेदारी मोडली.

घरातलं भांडण मात्र जास्त झोंबलं. सुरुवातीपासूनचा दंडक असा की संपादकापासून खालच्या कामगारापर्यंत सगळ्यांना एकच पगार. धंदा वाढला तसा इलियटला तो दंडक नकोसा झाला. १९८१ मध्ये संप झाला, बरीच मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी ‘सिटी लिमिट्स’ हे स्वतःचं साप्ताहिक काढलं. ते १९९३ पर्यंत टिकलं. इलियट तगला, आणि मग इतर शहरांत पसरला. १९९५ मध्ये न्यूयॉर्कची आवृत्ती आली. २००४ मध्ये मुंबईचीही, पाक्षिक रूपात. तिचे संपादक होते नरेश फर्नांडिस.

तोवर वेळ आणि पत्ता सांगायचं काम इंटरनेट फुकटात करू लागलं होतं. फुकट मिळणाऱ्या यादीला पैसे कोण मोजणार? २०१२ मध्ये लंडनचा अंकच फुकट केला आणि ट्यूब स्टेशनांबाहेर वाटायला सुरुवात झाली. २०१४ मध्ये लिस्बनच्या जुन्या मंडईत ‘टाइम आउट मार्केट’ उघडलं. जे साप्ताहिक कुठे जेवावं ते सांगायचं, ते आता जेवणाऱ्यांना टेबल मांडून देऊ लागलं.

मार्च २०२० मध्ये लंडनची दारं बंद झाली. नाटक नाही, सिनेमा नाही, यादीत घालायला एक ओळ नाही. तेव्हा साप्ताहिकाने स्वतःचं नाव तात्पुरतं ‘टाइम इन’ केलं आणि लोकांना घरात बसून काय करावं ते सांगितलं. त्याच जुलैत, ७३ व्या वर्षी, इलियट गेला. जून २०२२ मध्ये लंडनचा शेवटचा छापील अंक निघाला.

नाटकाची वेळ आता मीही फोनवरच बघतो. हवी ती ओळ लगेच सापडते. शेजारची, न शोधलेली ओळ मात्र दिसत नाही. आणि आमचे निम्मे रविवार त्या शेजारच्या ओळीनेच ठरवले होते.