सोळा मात्रा, पाच ठोके

मनात तीनताल धरा. सोळा मात्रा मोजत राहा, पण टाळी द्या फक्त पाच जागी: पहिली, चौथी, सातवी, अकरावी आणि तेरावी. सुरुवातीला हात अडखळतील. चार-सहा आवर्तनांनंतर मात्र मान आपोआप डोलू लागते. ही क्लावे, क्युबातल्या हवाना शहराच्या नाचगाण्याचा कणा. तीनतालाच्या टाळीशी तिची गाठ पडते पहिल्या आणि तेराव्या मात्रेवर. आणि नवव्या मात्रेला, आपल्या खालीच्या जागी, तीही गप्प असते. हा निव्वळ योगायोग, पण माझ्या डोक्यातून काही केल्या जात नाही.

पहिल्या आठ मात्रांत तीन ठोके, पुढच्या आठांत दोन. तिघं ओढून धरतात, दोघं सोडवतात. गंमत म्हणजे कित्येकदा क्लावे कुणी वाजवतही नाही. तरी सगळा ताफा तिला धरूनच चालतो, आणि एखादा तिला आडवा गेला की जाणकाराच्या कपाळाला आठी पडते.

न्यूयॉर्कच्या जॅझचा हिशोब वेगळा. तिथे चार ठोक्यांची चाल, आणि प्रत्येक ठोक्याचे दोन तुकडे असमान: पहिला लांब, दुसरा आखूड. त्या झोक्यालाच स्विंग म्हणतात. हवानात तुकडे सारखे. दोन्ही एकत्र वाजवणं म्हणजे एका गाडीला बैल आणि घोडा जुंपणं.

पण या दोन चाली मुळात परक्या नाहीत. दोन्ही आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांच्या वंशजांनी घडवल्या. ताटातूट पुढे झाली. साउथ कॅरोलायनात 1739मध्ये गुलामांनी ढोल वाजवत बंड केलं. 1740च्या कायद्याने त्यांना ढोल आणि शिंगं बाळगायलाच बंदी केली. क्युबात मात्र एकेका आफ्रिकी समाजाची ‘काबिल्दो’ नावाची मंडळं होती आणि तिथे हातांनी वाजवायचे ढोल पिढ्यान्‌पिढ्या घुमत राहिले. म्हणजे एकाच घराण्याच्या दोन शाखा, त्यातल्या एकीचं वाद्य जप्त.

त्याच साउथ कॅरोलायनात 1917मध्ये डिझी गिलेस्पी जन्मला आणि, बघा, त्याने हातात घेतला ट्रम्पेट. न्यूयॉर्कला कॅब कॅलोवेच्या वाद्यवृंदात त्याच्या शेजारी बसायचा हवानाचा मारिओ बाउसा. मला विचाराल तर या कथेचा खरा नायक बाउसाच. 1940मध्ये क्युबन गायक माचितोने ‘आफ्रो-क्युबन्स’ हा ताफा उभारला. बाउसा त्याचा संगीत-दिग्दर्शक झाला, आणि जॅझची पितळी वाद्यं क्युबन ढोलांवर स्वार झाली. पुढे 1947मध्ये गिलेस्पीला ढोलवादक हवा होता, तेव्हा चानो पोसोशी गाठ घालून दिली तीही बाउसानेच.

पोसो हवानाच्या गरीब वस्तीतला. त्याला स्वरलिपी वाचता येत नव्हती, इंग्रजीही जेमतेम. गिलेस्पीबरोबर केलेल्या ‘मान्तेका’ या गाण्याची रचना त्याने गाऊन सांगितली: बासने हे धरायचं, सॅक्सोफोनने हे, ट्रॉम्बोनने हे. थरावर थर चढत जातात, पण स्वरसंगती जवळजवळ जागची हलत नाही. गिलेस्पीला वाटलं, मधे कुठेतरी गाडी वळायला हवी. त्याने आठ मापांचा तुकडा लिहायला घेतला, पण स्वर घरी परतेनात. लिहिता लिहिता सोळा मापं झाली. ध्वनिमुद्रण 30 डिसेंबर 1947चं. नीट ऐकलं तर सांधा सापडतो: पोसोचा भाग सपाट, सरळ, घट्ट, मधला तुकडा आला की पितळी वाद्यं रेलतात, झोका घेतात, आणि पुन्हा ढोलाकडे येतात. सांधा लपवायचा प्रयत्नच नाही. म्हणून तर ते अजून ताजं वाटतं. गुळगुळीत केलं असतं तर हॉटेलातलं संगीत झालं असतं.

ही सोबत जेमतेम सव्वा वर्षाची. डिसेंबर 1948मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या एका बारमध्ये पोसोला गोळी घातली गेली. वय 33.

त्याआधीच्या दौऱ्यांत मात्र बसमध्ये एक शाळा भरायची. पोसो एक ढोल बासवादक अल मॅकिबनकडे द्यायचा, एक गिलेस्पीकडे, एक स्वतःकडे ठेवायचा आणि प्रत्येकाला वेगळा ठेका द्यायचा. बस धावत असायची, आणि साउथ कॅरोलायनाचा तो माणूस मांडीत ढोल घेऊन मोजत बसायचा.