शेजारचं दार किती उघडं?



"साखर बाहेर मोकळी जाऊ द्या, मग ऊसदर वाढेल," असे गटात फिरताना पुष्कळदा ऐकतो. मेक्सिकोचे ऊसवाले काय सांगतात पाहा. १९९४ च्या नाफ्टा करारानुसार २००८ पासून त्यांची साखर शेजारी अमेरिकेत विनाजकात, हवी तितकी जाऊ लागली. २०१४ साली तिथल्या उत्पादकांनी स्वस्त साखरेविरुद्ध तक्रार केली. त्याच डिसेंबरात अमेरिकेच्या गरजेवरून कोटा आणि किमान भाव ठरला. २०२० मध्ये नवा करार आला, पण ही बंधने उठली नाहीत. शेजारी आपल्या गरजेपुरतंच दार उघडतो. तेव्हा निर्यातीच्या भरवशावर लागणी वाढवू नका. एकरी टनेज आणि खर्च आपल्या हातात आहे, तो सांभाळा.

– ऊस विकास अधिकारी